बाहेरचं काय खाल्लंस?

मराठी घरात कुणाचं पोट बिघडलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: बाहेरचं काय खाल्लंस? आई विचारते, सासू विचारते, दवाखान्यातले डॉक्टरही केसपेपरवर नाव लिहिता लिहिता तेच विचारतात. प्रश्नातच निम्मा निकाल लागलेला असतो. चूक खाणाऱ्याची, दोष जिभेचा, गुन्ह्याची जागा रस्त्यावरची गाडी. घर निर्दोष सुटतं.

मी राहते त्या शीव कोळीवाड्यात ‘बाहेरचं’ म्हणजे मुख्यतः तळलेली कोळंबी. ‘प्रॉन्स कोळीवाडा’ या नावाने जो पदार्थ देशभरच्या मेनूकार्डांवर दिसतो त्याचं मूळ आमच्याकडचं, असं सांगितलं जातं. फाळणीनंतर इथे वसलेल्या पंजाबी निर्वासितांचा मसाला आणि कोळ्यांची कोळंबी यांची ती सोयरीक. स्टेशनचं नाव कोळीवाडा होतं ते गुरू तेग बहादूर नगर झालं, कोळंबीचं नाव मात्र टिकलं. सूक्ष्मजीवशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली. अशा माणसाला त्या गाडीसमोर उभं केलं तर त्याची नजर कोळंबीवर जात नाही. कडकडीत तेलातून निघालेल्या कोळंबीत रोगजंतू टिकत नाहीत. नजर जाते ती हिरव्या चटणीवर, चिरून ठेवलेल्या कांद्यावर, सरबतातल्या बर्फावर आणि ज्या बादलीत बशा बुचकळून काढतात त्या बादलीवर. म्हणजे जिथे जिथे कच्चं पाणी लागलं आहे तिथे. आणि ते पाणी गाडीवाला ज्या नळावरून भरतो, त्याच जलवाहिनीचा एक फाटा माझ्या स्वयंपाकघरात येतो.

या पुस्तकाचा विषय माणसाच्या पचनसंस्थेला जडणारे सूक्ष्मजीव आणि परजीवी हा आहे. विषय म्हटला तर फार मोठा. त्यात जिवाणू आहेत: पटकीचे, विषमज्वराचे, रक्ती आवेचे. विषाणू आहेत: लहान मुलांना जुलाबांनी सुकवणारा रोटाव्हायरस, काविळीचे ‘ए’ आणि ‘ई’. अमीबा आणि जिआर्डियासारखे एकपेशीय जीव आहेत, आणि नुसत्या डोळ्यांना दिसणारे जंत, अंकुशकृमी, पट्टकृमी आहेत. जठरापासून गुदद्वारापर्यंत कुणाची वस्ती कुठे हे ठरलेलं आहे. काही तिथेच मुक्काम करतात, काही यकृतात गळू करतात, काही मेंदूपर्यंत जातात. पाठ्यपुस्तकं या सगळ्यांची जातवार मांडणी करतात. विद्यार्थ्याला ती लागते. मीही तीच शिकवली. पण सामान्य वाचकाला तिच्यातून एक गोष्ट हाती लागत नाही, ती म्हणजे यांतल्या बहुतेकांची वाट एकच आहे. एकाच्या शौचातून निघून दुसऱ्याच्या तोंडात. मधले टप्पे तेवढे बदलतात: पाणी, हात, माशी, माती, भाजी. त्या वाटेवर कुणाचं घर लागतं आणि कुणाचं लागत नाही, हा प्रश्न या पुस्तकाच्या मुळाशी आहे.

शीव म्हणजे सीमा. मुंबई बेट इथे संपायचं आणि खाडीपलीकडे साष्टी सुरू व्हायची. आपल्या शरीरातही अशी एक शीव आहे. तोंडापासून सुरू होणारी नळी खरं म्हणजे शरीराच्या आत असूनही बाहेरचीच आहे. जे तिच्या भिंतीपलीकडे जातं तेच आपल्या आत आलं. ती भिंत जागोजागी एका पेशीच्या जाडीची. आतड्याचे बहुतेक रोग म्हणजे त्या भिंतीवर चाललेली कुरबूर.

भाषेपासून सुरुवात करावीशी वाटते, कारण या विषयाचं पहिलं वर्गीकरण डॉक्टरांच्या आधी लोकांनी केलं आणि ते बरंच अचूक आहे. जुलाब वेगळे, हगवण वेगळी. आव पडणं वेगळं, त्यात रक्त दिसलं की ती रक्ती आव. कळ येऊन थोडं थोडं होणं म्हणजे मुरडा. ताप दिवस मोजत राहिला की मुदतीचा. पटकी, मोडशी, नारू, जंत, कावीळ. पाण्यासारखे जुलाब आणि मुरडा घेऊन येणारी आव यांत आजीबाईंनी जो फरक केला तोच आजही उपचाराची पहिली फांदी ठरवतो: एकात लहान आतडं पाणी सोडतं, दुसऱ्यात मोठ्या आतड्याला जखमा होतात.

यातल्या ‘मोडशी’ शब्दाचा प्रवास मोठा गमतीचा आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहिला. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं. १५६३ साली गोव्यात छापलेल्या त्याच्या ग्रंथात पटकीसारख्या रोगाचं तपशीलवार वर्णन आहे, आणि इथले लोक त्याला काय म्हणतात तेही नोंदलेलं आहे. तो शब्द पोर्तुगिजांच्या तोंडी ‘मोर्देशी’ झाला आणि पुढे फ्रेंचांनी त्याचं ‘मॉर द शियां’, म्हणजे कुत्र्याचं मरण, करून टाकलं. आपला साधा मोडशी शब्द युरोपच्या वाटेवर कुत्र्याच्या मौतीने मेला.

त्याच्याही फार आधी चरकसंहितेच्या विमानस्थानात कृमींचे वीस प्रकार सांगितले आहेत. त्यातले कोणते आजच्या कोणत्या जातीशी जुळतात या वादात मला रस नाही. तसे प्रयत्न बहुधा ओढाताणीचे असतात. मला महत्त्वाची वाटते ती तिथली उपचारांची त्रिसूत्री. आधी कृमी ओढून बाहेर काढा, मग त्यांना पोषक असलेली शरीराची स्थिती मोडा, आणि तिसरं निदानपरिवर्जन, म्हणजे ज्या कारणाने ते झाले ते कारण टाळा. आपल्या सार्वजनिक आरोग्याने पहिली पायरी गोळीच्या रूपाने घट्ट धरली आहे. तिसऱ्या पायरीवर अजून पाय अडखळतो.

आधुनिक इतिहास पटकीपासून सुरू होतो. १८१७ साली बंगालमधून निघालेली साथ लष्कराच्या आणि व्यापाऱ्यांच्या वाटांनी पसरत दुसऱ्या वर्षी मुंबईत पोचली. पुढचं शतकभर ती येत राहिली. गावोगावी मरीआईचे गाडे वेशीबाहेर नेले जात. रोगाला एका गावच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत ढकलून देण्याची ती रीत शेजारच्या गावाला अर्थातच आवडत नसे. याला अंधश्रद्धा म्हणून हसण्याआधी त्या काळचं विज्ञान काय म्हणत होतं तेही पाहावं. बहुतेक सुशिक्षित डॉक्टरांचा विश्वास दूषित हवेवर होता. लंडनमध्ये जॉन स्नोने १८५४ साली ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवतीचे मृत्यू मोजून पाण्याकडे बोट दाखवलं. पंपाचा दांडा काढला तोवर साथ ओसरू लागलेली होती, हा तपशील कथाकार सहसा गाळतात. त्याच वर्षी फ्लॉरेन्समध्ये फिलिपो पाचिनीने सूक्ष्मदर्शकाखाली तो स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू पाहिला आणि कुणी लक्ष दिलं नाही. रॉबर्ट कॉखने १८८४ मध्ये कलकत्त्यात तो रुग्णांत आणि एका तळ्याच्या पाण्यात दाखवला, तेव्हाही हिंदुस्थान सरकारचे आरोग्य अधिकारी तो मानायला तयार नव्हते. त्यात शास्त्राइतकंच राजकारण होतं. सुएझ कालवा १८६९ साली उघडला होता. रोग माणसांबरोबर प्रवास करतो हे कबूल केलं असतं तर मुंबईहून सुटणारी प्रत्येक बोट अडवून ठेवावी लागली असती. म्युनिकच्या पेटनकोफरने तर १८९२ मध्ये पटकीच्या जंतूंचा पेला स्वतः पिऊन दाखवला. त्याला किरकोळ जुलाब झाले आणि आपलंच खरं असं त्याला वाटलं.

मुंबईचं नशीब असं की हा वाद मिटायच्या आधीच तिला पाणी मिळालं. विहिरी आणि तलाव आटून शहर घायकुतीला आलं होतं. हेन्री कॉनीबेअरच्या योजनेतून १८६० साली विहार तलावाचं पाणी नळाने शहरात आलं. मग तुळशी, १८९२ साली तानसा, पुढे वैतरणा, भातसा. डोंगरातलं पाणी, माणसांच्या वस्तीपासून दूर साठवलेलं. जंतू मानणारे आणि हवा मानणारे दोघेही त्यावर खूश होते. मैला वाहून नेण्याची व्यवस्था मात्र मागे राहिली. शहराने हलालखोर नावाचा कर बसवला आणि त्या नावाच्या माणसांच्या डोक्यावरून टोपल्या वाहवल्या. या विषयाच्या इतिहासात जेवढी नावं शास्त्रज्ञांची आहेत तेवढीच त्या माणसांचीही असायला हवी होती. पण ती कुणी लिहूनच ठेवली नाहीत. ज्यांनी शहराचा मैला तोंडापासून लांब नेला त्यांना मात्र तो हाताने उचलावा लागला, आणि जातीने ते काम त्यांच्यावर लादलं होतं.

आता शीवहून परळकडे येऊ. प्लेगवर लस करणारा वाल्देमार हाफकिन सगळ्यांना माहीत आहे. त्याची पहिली लस पटकीची होती, १८९२ मध्ये पॅरिसला स्वतःला टोचून घेतलेली, हे कमी जणांना ठाऊक असतं. १८९९ मध्ये त्याची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली आणि १९२५ पासून तिला त्याचं नाव आहे. पंढरीच्या वारीला जाणाऱ्यांना पटकीची सुई घ्यावी लागे, दंड सुजे, ही आठवण जुन्या माणसांत अजून आहे. ती टोचणी किती काम करत होती? थोडं, आणि थोडे महिने. १९७३ साली जागतिक आरोग्य परिषदेने प्रवाशांकडून पटकीच्या लशीचा दाखला मागण्याची पद्धतच बंद केली. सुईमुळे रोगाचा फैलाव थांबत नव्हता, एवढाच त्याचा अर्थ.

परळच्याच प्रयोगशाळेतलं दुसरं एक नाव मात्र शाळेच्या पुस्तकात हवं होतं आणि नाही. ज्ञानेश्वर आत्माराम तर्खड. नारूची अळी पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या इवल्या जीवात शिरते हे रशियाच्या फेडचेंकोने १८७० च्या सुमारास पाहिलं होतं. पण ते पाणी प्यायल्यानेच माणसाला नारू होतो याचा थेट पुरावा राहिला होता. तर्खडांनी १९१३ च्या सुमारास मुंबईत स्वयंसेवकांना असे सायक्लॉप्स गिळायला देऊन तो मिळवला. आजच्या नीतीसमितीने हा प्रयोग दारातूनच परत पाठवला असता. तरीही नारूच्या कहाणीतली ती गाठ मुंबईत सुटली. नारू आतड्याचा रोग नव्हे असं कुणी म्हणेल. पण तो येतो तोंडावाटे, जठरात अळी मोकळी होते आणि आतड्याची भिंत ओलांडून जाते. म्हणून या पुस्तकात त्याला जागा दिली आहे. आणखी एक कारण आहे. नारूवर औषध नाही, लसही नाही. तरी भारतातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात नोंदला गेला आणि २००० साली देश नारूमुक्त ठरला. हे झालं पायऱ्यांच्या विहिरी बंद करून, हातपंप देऊन आणि पाणी कापडाने गाळून.

कापडाचं निघालंच आहे तर खाडीकडे वळते. पटकीचा जंतू मुळात माणसाचा नाही, तो मचूळ पाण्याचा रहिवासी आहे. खाडीच्या तोंडाशी, गोडं आणि खारं मिसळतं तिथे, तो कोपेपॉड नावाच्या सूक्ष्म जीवांना चिकटून राहतो. अमेरिकन शास्त्रज्ञ रीटा कॉलवेल यांनी हे अनेक वर्षं चिकाटीने मांडलं. मग त्यांच्या गटाने बांगलादेशातल्या खेड्यांत एक साधा प्रयोग केला: जुन्या सुती साडीच्या घड्या करून त्यातून पाणी गाळायचं. २००३ साली आलेल्या निष्कर्षांत पटकीचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलेलं दिसलं. नारूचा सायक्लॉप्स हाही कोपेपॉडच. एका लुगड्याच्या घडीत दोन रोगांचे वाहक अडकतात. आमच्या कोळणींनी लुगड्याचा हा उपयोग शोधला नसेल. पण कोळ्यांचं आणि या खाडीतल्या जंतूंचं नातं जुनं आहे. पटकीच्याच कुळातला एक भाऊबंद, व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस, मासळीतून येतो. १९५० साली जपानमधल्या ओसाकात सुकवलेल्या बारीक मासळीतून झालेल्या विषबाधेत तो प्रथम सापडला. कोळीवाड्यात कालवण रटरटून शिजतं म्हणून तो फारसा त्रास देत नाही. धोका असतो तो कच्ची मासळी कापलेल्या विळीवर लगेच कोथिंबीर चिरण्यात. कच्चं आणि शिजलेलं यांची शिवाशीव पाळावी, हे मी विद्यार्थ्यांना सांगत आले. शिवाशीव पाळण्याची ही एकच जागा मला मान्य आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यावर या क्षेत्राने कूस बदलली आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा बंगालचा आहे. तोवर सगळे जंतूच्या मागे होते. कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्याचा तुकडा दोरीने बांधून त्यात जंतू सोडले आणि तो पाण्याने तट्ट फुगतो हे दाखवलं. १९५९ मध्ये त्यांनी सिद्ध केलं की जंतू नव्हे, त्याने सोडलेलं विष हे करतं. आतड्याची भिंत शाबूत असते. फक्त तिची दारं उघडी राहतात. मग कळलं की साखरेचा रेणू आत जाताना मिठाला हात धरून नेतो आणि मिठामागे पाणी जातं, आणि ही वाट पटकीतही बंद होत नाही. १९७१ च्या युद्धकाळात बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपांत मीठ-साखरेचं पाणी करून नातेवाइकांच्या हाती दिलं. मृत्यूंचं प्रमाण तीस टक्क्यांच्या घरातून साडेतीन टक्क्यांच्या आसपास आलं. डॉक्टरच्या हातातला उपचार आईच्या हातात गेला, आणि कित्येक डॉक्टरांना तो म्हणूनच बराच काळ पटला नाही. आपल्याकडची मीठ घातलेली भाताची पेज त्याच तत्त्वाची आहे. भातातला पिष्टमय भाग हळूहळू साखर होत जातो आणि पाणी ओढून घेतो. मात्र पेज देणाऱ्या त्याच घरांत जुलाब झाले की पाणी तोडायचीही रीत होती. त्या रिवाजाने किती मुलं नेली असतील ते मोजता येणार नाही.

अमीबाबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण मुंबईत अमीबा हा रोग कमी आणि ओळखपत्र जास्त आहे. ‘माझ्या पोटात कायमचे अमीबा आहेत’ असं अभिमानाने सांगणारी माणसं प्रत्येक चाळीत भेटतात. फेडर लॉशने सेंट पीटर्सबर्गमध्ये १८७५ साली एका रुग्णाच्या शौचात हा जीव पाहिला. १९२५ मध्ये एमिल ब्रुम्प्तने सांगितलं की हुबेहूब असेच दिसणारे दोन वेगळे अमीबा आहेत, एक आतड्याला जखमा करणारा आणि दुसरा निरुपद्रवी. दिसायला फरक नाही म्हटल्यावर कोण ऐकणार? जवळजवळ सात दशकांनी, रेणूंच्या तपासण्या आल्यावर, त्याचं म्हणणं सर्वमान्य झालं. तेवढ्या काळात आणि त्यानंतरही, शौचाच्या रिपोर्टवर ‘सिस्ट दिसल्या’ एवढ्या आधाराने असंख्य लोकांनी मेट्रोनिडाझोल गिळलं. त्यातल्या पुष्कळांचं दुखणं खरं होतं, आरोपी चुकीचा होता. खरा अमीबा जेव्हा यकृतात गळू करतो, आणि ते बहुधा दारू पिणाऱ्या तरुण पुरुषांत होतं, तेव्हा शौचात तो अनेकदा सापडतही नाही.

जंतांच्या बाबतीत वाद अजून चालू आहे. गोल जंताची मादी दिवसाला दोन लाखांच्या आसपास अंडी घालते. अळी आतड्यातून रक्तात, रक्तातून फुप्फुसात, तिथून घशात येते आणि गिळली जाऊन परत आतड्यात, असा तिचा वारकऱ्यासारखा फेरा. आपल्याकडे फेब्रुवारी २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन आहे आणि शाळा-अंगणवाड्यांत अल्बेंडाझोलची गोळी मिळते. गोळी स्वस्त आहे, निर्धोक आहे. पण सरसकट सगळ्या मुलांना ती देऊन वजन, हजेरी, बुद्धी वाढते का, यावर जगभरचे अर्थशास्त्रज्ञ आणि साथरोगतज्ज्ञ २०१५ च्या सुमारास अक्षरशः हातघाईवर आले. माझा कौल विचाराल तर गोळी द्यावी, पण तिच्यावर आरोग्याचा अख्खा हिशोब मांडू नये. माती तीच राहिली तर अंडी त्याच मुलाच्या नखांत परत येतात. आणि एक गैरसमज इथेच काढून टाकते: डुकराच्या पट्टकृमीच्या अंड्यांतून निघालेल्या अळ्या मेंदूत गाठी करतात आणि फिट्स आणतात, तो रोग शाकाहारी माणसालाही होतो. कारण अंडी मांसातून येत नाहीत, माणसाच्या मैल्याने माखलेल्या पाण्यातून आणि भाजीतून येतात.

आज या सगळ्याचं काय, असा प्रश्न रास्त आहे. पटकीने गावं ओस पडत नाहीत, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारखी मोठी इस्पितळं हाकेच्या अंतरावर आहेत, सलाइन आहे, औषधं आहेत. तरी जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्याकडच्या भागात तरुण माणसांचे पाय एकाएकी लुळे पडू लागले. गियां-बारे सिंड्रोमचे संशयित रुग्ण दोनशेवर गेले. काहींच्या शौचात कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी सापडला. हा आतड्यातला जिवाणू आपल्या नसांच्या आवरणासारखा वेश घेतो आणि शरीर त्याच्याशी लढताना आपल्याच नसांवर वार करतं. बोट पुन्हा पाण्याकडे वळलं. इचलकरंजीने २०१२ मध्ये काविळीची साथ पाहिली. ‘ई’ विषाणूची ही कावीळ गरोदर बाईला जिवावर बेतते. नवी मुंबईत विषमज्वर इतका हटवादी की तिथल्या पालिकेने २०१८ साली लाखाहून जास्त मुलांना नवी टायफॉइड लस दिली. सार्वजनिक यंत्रणेने ती वापरण्याच्या जगातल्या पहिल्या प्रयत्नांपैकी तो एक. लस लागली, कारण औषधं एकेक करून हातातून सुटत चालली आहेत. क्लोरॅम्फेनिकॉल गेलं, सिप्रोफ्लॉक्सासिन बहुतांशी गेलं. साध्या जुलाबांना नॉरफ्लॉक्सासिन-टिनिडाझोलची जोडगोळी मागून घेण्याची आपली सवय त्याला कारण आहे.

रोटाव्हायरसची गोष्ट तर डोळे उघडणारी आहे. भारतीय लशीच्या चाचणीत दिल्ली, पुणे आणि वेल्लोरच्या मिळून ६,७९९ बाळांचा समावेश होता. लशीने गंभीर जुलाबांपासून सुमारे निम्म्यांहून थोडं अधिक संरक्षण दिलं. श्रीमंत देशांत अशाच प्रकारच्या लशी नव्वदीच्या घरात जातात. लस वाईट नाही, ती द्यायलाच हवी. पण सतत जंतूंचा मारा झेलणारं आतडं सुजलेलं, खरवडलेलं राहतं. तोंडावाटे दिलेली लस तिथे नीट रुजत नाही, असं एक स्पष्टीकरण आहे. म्हणजे घाण पाणी रोग तर देतंच, रोगाविरुद्धचं हत्यारही बोथट करतं.

आणि शेवटच्या टप्प्याची गोष्ट. भांडुपला शुद्ध होऊन निघालेलं पाणी चांगलंच असतं. पण मुंबईच्या बहुतेक भागांत ते दिवसात काही तासच येतं. बाकीच्या वेळी नळ्यांत दाब नसतो. जलवाहिनी जिथे गटाराशेजारून जाते आणि जिथे तिला बारीक चीर असते, तिथे रिकामी नळी बाहेरचं आत ओढते. दाट वस्त्यांत हे जास्त होतं, कारण तिथे जोडण्या गटारातूनच नेलेल्या असतात आणि शौचालय पन्नास कुटुंबांत एक. ‘बाहेरचं काय खाल्लंस’ याचं उत्तर तेव्हा असं असतं: बाहेरचं माझ्याच नळात आलं.

या पुस्तकात लेखांची मांडणी म्हणून जंतूंच्या जातींनुसार केलेली नाही. पाण्याची वाट, हाताची वाट, अन्नाची वाट आणि मातीची वाट, अशी केली आहे. त्यामुळे पटकी आणि नारू शेजारी आले आहेत, विषमज्वर आणि कावीळ एका पंगतीला बसले आहेत. काही बाबी सुटल्या आहेत. जठरातल्या हेलिकोबॅक्टरचा शोध, ज्यासाठी बॅरी मार्शलने जंतू पिऊन पाहिले आणि २००५ साली नोबेल मिळालं, त्याला ओझरता स्पर्श आहे. आतड्याचा क्षय मुंबईत पुष्कळ दिसतो. त्याची वाट वेगळी आणि त्याला स्वतंत्र पुस्तक लागेल. पोटातल्या भल्या जंतूंबद्दल सध्या बाजारात इतकं लिहिलं आणि विकलं जातंय की मी हात आवरता घेतला. औषधांचे डोस दिलेले नाहीत. ते वाचून कुणी स्वतःवर प्रयोग करावेत अशी इच्छा नाही. अपवाद मीठ-साखर-पाण्याचा, तो प्रत्येक घराला तोंडपाठ हवा.

शब्दांबद्दल एक खुलासा. विष्ठा, मल, शौच, शी, परसाकड यांतलं काय वापरायचं यावर लिहिताना मी अडले. संस्कृत शब्दाने घाण कमी होत नाही, फक्त वाचक लांब बसतो. प्रयोगशाळेत नमुन्याची डबी वर्तमानपत्रात गुंडाळून, पिशवीत घालून, खाली मान घालून देणारे लोक मी आयुष्यभर पाहिले. त्या संकोचामुळे निदानं उशिरा झाली. म्हणून शक्य तिथे साधा शब्द वापरला आहे. कुणाला खटकला तर माफी असावी.

आमच्या गल्लीत एक मावशी आहेत. त्यांनी यातलं काही वाचलेलं नाही. पहाटे पाणी येतं तेव्हा नळाला पहिल्यांदा बादली लागते, हंडा नाही. ते पहिलं पाणी लादीला, मोरीला, मासळीच्या टोपल्या धुवायला. मी एकदा विचारलं, असं का? त्या म्हणाल्या, “पहिलं पाणी रात्रभर नळीत निजलेलं असतं गो, कुणाकुणाबरोबर निजलेलं काय माहीत.” खंडित पुरवठ्याच्या पाण्याचे नमुने तपासणाऱ्यांनीही हेच नोंदवलं आहे की पहिल्या काही मिनिटांचं पाणी सर्वांत खराब असतं. मावशी बादली भरतात, बाजूला करतात, नळाखाली हात धरून पाण्याचा वास घेतात, आणि मग पिण्याचा हंडा लावतात.